लेव्हल १०० चा गारचॉम्प दुसराच वार का करतो: दर गणपतीत परत येणाऱ्या तक्रारीचे निवारण

गणपतीच्या सुट्टीत आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी मुंबई-पुण्याची भावंडे आपापल्या मुलांसह जमतात, आणि दुपारची जेवणे आटोपली की पडवीत निन्टेन्डोची स्विच ही खेळयंत्रे बाहेर निघतात. गेली तीन वर्षे त्या पडवीत मी एकच तक्रार ऐकत आलो आहे. येथेच राहणारा माझा भाचा पावसाळ्याचे दिवस पोकेमॉन स्कार्लेट, म्हणजे पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवण्याचा खेळ, खेळून आपला सहा पोकेमॉनांचा संघ लेव्हल १०० पर्यंत नेतो, चाकरमान्यांची मुले जेमतेम लेव्हल साठचा संघ घेऊन येतात, आणि तरीही त्याचा गारचॉम्प पुण्याहून आलेल्या माझ्या पुतणीच्या सॅलेमन्ससमोर दर वेळी वार करण्यात दुसरा ठरतो व ड्रॅको मीटिअरच्या एकाच वारात पडतो. "मामा, माझी लेव्हल हिच्यापेक्षा एवढी जास्त आहे, मग हिचा आधी कसा मारतो?" हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर न मिळाल्यामुळे तो पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच करतो, म्हणजे आणखी लढाया, आणखी कँडी आणि पुन्हा लेव्हल १००, आणि पुढच्या गणपतीत पुन्हा तीच हार पदरी पडते.

दोष खेळाचा नाही आणि मुलाच्या मेहनतीचाही नाही. ती मेहनत पोकेमॉनच्या कोणत्या गुणात (अटॅक, डिफेन्स, पहिला वार कोणाचा ते ठरवणारा स्पीड वगैरे) किती साठली याची नोंद कोणीच ठेवलेली नसते, आणि सामन्याच्या दिवशी नेमकी तीच मोजली जाते. नेहमीच्या नियमाने होणाऱ्या सामन्यात, तसेच ऑनलाइन रँक सामन्यांत, लढाईपुरती सर्वांची लेव्हल ५० धरली जाते. त्यामुळे शंभरपर्यंत चढवलेल्या लेव्हलचा फायदा तेथे शून्य होतो, आणि उरतात त्या फक्त चार गोष्टी: त्या जातीचे मूळ आकडे, जन्मजात मिळालेले आयव्ही, लढून कमावलेले ईव्ही आणि स्वभाव, म्हणजे नेचर.

आधी लक्षण नीट ओळखा

ईव्हीकडे वळण्यापूर्वी हार नेमकी कशामुळे होते ते दोन-तीन सामने शांतपणे पाहून ठरवावे, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या तीन वेगळ्या अडचणी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

समोरचा पोकेमॉन पहिला वार करतो आणि पुढच्या पाळीतही पुन्हा तोच वार करतो, दुसरा करतच नाही, असे दिसल्यास त्याच्याकडे चॉइस स्कार्फ असण्याची शक्यता मोठी असते. ती वस्तू स्पीड दीडपट करते आणि त्या बदल्यात पहिल्या निवडलेल्या वाराशी धारकाला बांधून ठेवते. १५२ स्पीडचा सॅलेमन्स स्कार्फ घालून आला तर २२८ होतो, आणि स्वतः स्कार्फ न घातलेला गारचॉम्प कितीही नीट तयार केला तरी त्याच्यापुढे जाऊ शकत नाही. तेथे दुसऱ्या पोकेमॉनला मैदानात आणणे हाच मार्ग आहे.

पहिला वार मिळूनही समोरचा पडत नसेल, तर त्याची ॲबिलिटी, म्हणजे आपोआप चालणारी अंगभूत खुबी, पाहावी. सॅलेमन्सकडे बहुधा इंटिमिडेट असते आणि तो मैदानात उतरताच आपल्या बाजूचा अटॅक एक पायरी, म्हणजे दोन-तृतीयांशावर, उतरतो. माझ्या भाच्याला आपला गारचॉम्प 'कमजोर' वाटण्याचे हे एक खरे कारण होते आणि त्याचा प्रशिक्षणाशी काहीही संबंध नव्हता. पहिला वार मिळाला म्हणजे सामना जिंकला असे होत नाही, हेही त्याला यातूनच समजावता आले.

तिसरी अडचण संघरचनेची आहे आणि तिच्याकडे मी शेवटी येतो. या तिन्हींत बसत नाही, स्कार्फ नाही, स्पीड घटवणारा पक्षाघात नाही, आणि तरीही आपला पोकेमॉन आपल्यापेक्षा मूळ स्पीड कमी असलेल्याच्या मागे राहतो, अशी स्थिती असेल तर पुढचे सर्व आपल्यासाठी आहे. गारचॉम्पचा मूळ स्पीड १०२ आणि सॅलेमन्सचा १०० आहे. सारख्या तयारीत गारचॉम्पच पुढे राहायला हवा.

आकड्यांवरून उलट हिशेब

ईव्ही म्हणजे लढून कमावलेले गुण. प्रत्येक हरवलेला किंवा पकडलेला पोकेमॉन ठरावीक गुणात एक ते तीन ईव्ही देतो. एका गुणात २५२ आणि सर्व मिळून ५१० ही मर्यादा आहे, आणि लेव्हल १०० ला दर चार ईव्हींमागे त्या गुणाचा एक अंक वाढतो. ५१० भरले की खेळ काही न सांगता पुढची भर थांबवतो. भाच्याच्या बाबतीत दुखणे येथेच होते, कारण त्याचा ५१० चा कोठा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच वाटेत भेटेल त्याच्याशी लढून भरून गेला होता आणि नंतरच्या सगळ्या पावसाळ्याने त्यात कणभरही भर घातली नव्हती.

पोकेमॉनची माहिती दाखवणाऱ्या समरीच्या पडद्यावर एल बटण दाबले की ईव्हींचा आलेख दिसतो. आलेख एका-दोन टोकांकडे निमुळता न होता सगळीकडे सारखा फुगलेला असेल तर निदान बहुतेक झालेच. पण आलेखात आकडे नसतात, म्हणून मी उलट हिशेब करतो, आणि तो चौथीच्या मुलालाही जमतो. एचपी, म्हणजे मार सोसण्याची ताकद, हा गुण सोडून इतरांसाठी लेव्हल १०० चा नियम असा आहे: मूळ आकड्याची दुप्पट, अधिक आयव्ही, अधिक ईव्हीचा चौथा भाग, अधिक ५, आणि त्या बेरजेवर स्वभावाचा परिणाम. एचपीमध्ये पाचाऐवजी ११० मिळवतात आणि स्वभाव धरत नाहीत.

भाच्याच्या गारचॉम्पचा स्पीड लेव्हल १०० ला २५९ होता. स्वभाव ॲडमंट होता, म्हणजे अटॅक दहा टक्के वाढलेला, स्पेशल अटॅक दहा टक्के घटलेला आणि स्पीड जसाच्या तसा. आयव्ही पूर्ण, म्हणजे ३१. आता २५९ मधून ५ वजा करा, २५४ उरतात. मूळ १०२ ची दुप्पट २०४ वजा करा, ५० उरतात. ३१ वजा करा, १९ उरतात. त्यांची चौपट ७६. स्पीडमध्ये २५२ जाऊ शकले असते तेथे फक्त ७६ गेले होते. याच रीतीने इतर गुण तपासले तेव्हा एचपीत सुमारे ९२, अटॅकमध्ये १००, डिफेन्समध्ये ८८, स्पेशल अटॅकमध्ये ७० आणि स्पेशल डिफेन्समध्ये ८४ निघाले. बेरीज बरोबर ५१०. ज्या गारचॉम्पने स्पेशल अटॅकवर चालणारा एकही वार शिकलेला नाही त्याच्या स्पेशल अटॅकमध्ये ७० गुण पडून होते, आणि तोही स्वभावाने आधीच घटवलेला गुण.

लेव्हल ५० च्या सामन्यात याचा अर्थ असा होतो की त्याचा गारचॉम्प १३२ स्पीडने उतरत होता. सॅलेमन्सचा स्वभाव स्पीडला पोषक नसला तरी २५२ ईव्हींसह तो १५२ ने उतरतो. वीस अंकांचा हा फरक लेव्हलने भरून निघण्यासारखा नव्हताच.

ईव्ही असे विखुरले कसे

मुलांना वाटते की आपण फक्त गारचॉम्पलाच लढवले. स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये एक्सपी शेअर, म्हणजे लढाईची कमाई सगळ्या संघाला देणारी सोय, कायम चालू असतो आणि तो बंद करता येत नाही. लढाईत न उतरलेल्या साथीदारांना अनुभव निम्मा मिळतो, पण ईव्ही मात्र पूर्ण मिळतात, आणि येथेच घोटाळा होतो. एखाद्या दुपारी दुसऱ्या पोकेमॉनच्या एचपीसाठी लेचॉन्क मारले, संध्याकाळी तिसऱ्याच्या स्पेशल डिफेन्ससाठी हॉपिप मारले, आणि गारचॉम्प निव्वळ संघात बसून होता, तरी प्रत्येक लेचॉन्कचा एचपी आणि प्रत्येक हॉपिपचा स्पेशल डिफेन्स त्याच्याही खाती जमा झाला. रापण ओढली की तीत बांगडा, पेडवे, खेकडे सगळेच येते. एकच मासा हवा असेल तर गरी टाकावी लागते. खेळातली ही गरी म्हणजे संघात कोण बसले आहे यावर ठेवलेले नियंत्रण.

याच्या उलट चूक पुतणीच्या धाकट्या भावाने केली होती. तो आर बटण दाबून पोकेमॉनला मोकळे सोडायचा आणि त्याला आपोआप लढू द्यायचा. त्या आपोआप लढायांत अनुभव थोडाफार मिळतो, परंतु ईव्ही मिळतच नाहीत. एक्सपी कँडी आणि रेअर कँडी यांचेही तसेच आहे, त्या लेव्हल वाढवतात, ईव्ही देत नाहीत. त्याचा आलेख मध्यभागी आकसलेला निघाला. अशा पोकेमॉनची स्थिती विखुरलेल्यापेक्षा खूपच बरी असते, कारण काही उपसून काढावे लागत नाही, फक्त भरावे लागते.

दुरुस्ती

विखुरलेले ईव्ही काढण्यासाठी सहा बेरी आहेत आणि प्रत्येक बेरी एका गुणातून दहा ईव्ही कमी करते: पोमेग एचपीतून, केल्प्सी अटॅकमधून, क्वालॉट डिफेन्समधून, हॉन्ड्यू स्पेशल अटॅकमधून, ग्रेपा स्पेशल डिफेन्समधून आणि टमाटो स्पीडमधून. भाच्याच्या गारचॉम्पला अटॅक आणि स्पीड ठेवायचे होते, म्हणून केल्प्सी आणि टमाटो यांना हातही लावू नको असे मी त्याला बजावले. दहा पोमेग, नऊ क्वालॉट, सात हॉन्ड्यू आणि आठ ग्रेपा अशा चौतीस बेरी लागल्या. स्पेशल डिफेन्समध्ये चार ईव्ही मुद्दाम ठेवले, कारण २५२ आणि २५२ भरल्यावर सहा उरतात आणि त्यांतल्या चारांचा तिसऱ्या गुणात एक अंक मिळतो. उलट हिशेबात चारच्या आतला फरक राहू शकतो, म्हणून शेवटची बेरी देण्यापूर्वी आलेख पुन्हा पाहावा.

ज्यांच्याकडे २०२३ मध्ये आलेला द टील मास्क हा जोडभाग आहे त्यांना एवढी खटपट करावी लागत नाही. तेथे मिळणारी फ्रेश-स्टार्ट मोची एकदा खाऊ घातली की सर्व ईव्ही शून्य होतात. मात्र त्यात जपून ठेवण्याजोगे अटॅकचे शंभर आणि स्पीडचे शहात्तरही जातात, म्हणून अर्धे काम बरोबर झाले असेल तर मी बेरींचाच मार्ग सुचवतो.

आता भरणे. अटॅकमध्ये १५२ आणि स्पीडमध्ये १७६ कमी होते. खेळातल्या मेसागोझा शहरात चॅन्सी सप्लाय या दुकानात प्रोटीन (अटॅकचे), कार्बोस (स्पीडचे) वगैरे औषधे प्रत्येकी १०,००० ला मिळतात आणि एक औषध दहा ईव्ही देते, म्हणजे सोळा प्रोटीन आणि अठरा कार्बोस मिळून ३,४०,००० खर्च. शालेय मुलाच्या खेळातल्या खात्यात एवढे पैसे क्वचितच असतात आणि असले तरी ते एकाच पोकेमॉनवर उधळू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्त मार्ग पॉवर वस्तूंचा आहे. पॉवर अँकलेट धरलेल्या पोकेमॉनला प्रत्येक हरवलेल्या शत्रूमागे स्पीडचे आठ ईव्ही जास्तीचे मिळतात. फ्लेचलिंग किंवा रूकिडी स्पीडचा एक ईव्ही देतो, एकूण नऊ झाले, म्हणजे १७६ साठी वीस लढाया. अटॅकसाठी पॉवर ब्रेसर धरून शिंक्स किंवा यंगूसशी सतरा लढाया. दोन्ही मिळून एका पावसाळी दुपारचे काम आहे, आणि डेलिबर्ड प्रेझेंट्स या दुकानात या दोन वस्तूंना मिळून २०,००० च लागतात, त्याही पुढे सर्व संघाला उपयोगी पडतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी. पॉवर वस्तू आपले आठ ईव्ही कोणालाही हरवले तरी देते, पण हरवलेल्याचा स्वतःचा ईव्ही त्याच्याच गुणात जमा होतो. अँकलेट घालून वाटेत आडवा आलेला सायडक मारला, तर स्पीडबरोबर स्पेशल अटॅकही एकने वाढला. एक-दोन चुकांनी सहा उरलेल्यांतले मोकळे दोन जातात, तिसऱ्या चुकीने शेवटचा अंक हुकतो. शिवाय पॉवर वस्तू धरलेली असेपर्यंत धारकाचा स्पीड निम्मा होतो, म्हणून काम संपताच ती काढून ठेवावी. एकदा भाचा ती काढायला विसरला आणि सगळी दुरुस्ती करूनही पहिल्या सामन्यात मागेच राहिला.

प्रशिक्षण चालू असताना संघात फक्त दोनच प्रकारचे साथीदार असावेत: ज्यांना तोच गुण हवा आहे ते, किंवा ज्यांचे ५१० नीट भरून झाले आहेत ते. बाकीच्यांना संघाबाहेर, बॉक्स नावाच्या साठ्यात ठेवावे. ज्यांना तोच गुण हवा आहे त्यांना एक्सपी शेअर उपकारकच ठरतो, कारण एका फेरीत तिघांचा स्पीड भरता येतो. मी एका वहीत प्रत्येक पोकेमॉनसाठी एक पान ठेवायला सांगितले आहे, वर स्वभाव, खाली लढायांच्या रेघा, पाच-पाचांच्या जुड्या करून. वीज गेली, स्विच बंद पडला, दोन दिवसांनी पुन्हा हातात घेतला, तरी कोठपर्यंत आलो होतो ते त्या पानावर दिसते.

स्वभावाचा निर्णय

ईव्ही भरल्यावर भाच्याचा ॲडमंट गारचॉम्प लेव्हल ५० ला १५४ स्पीडवर आला. पुतणीच्या १५२ च्या सॅलेमन्सपुढे हे पुरेसे आहे. पण तिने उद्या स्पीड वाढवणारा स्वभाव घेतला तर तिचा सॅलेमन्स १६७ होईल आणि हा पुन्हा मागे पडेल. स्पीड वाढवून स्पेशल अटॅक घटवणाऱ्या जॉली स्वभावाने गारचॉम्प १६९ ला पोहोचतो. त्याची किंमत अटॅकमध्ये मोजावी लागते: ॲडमंटला २००, जॉलीला १८२. अठरा अंक अटॅक देऊन पंधरा अंक स्पीड घेणे फायद्याचे आहे का, यावर आमच्या पडवीत बराच वाद झाला. माझे मत जॉलीच्या बाजूने आहे. शंभराच्या आसपास मूळ स्पीड असलेल्यांची गर्दी मोठी आहे, आणि त्या गर्दीत दोन अंकांनी पुढे असणे हेच गारचॉम्पचे वैशिष्ट्य आहे, ते सोडून दिले तर मग दुसराच कोणी निवडलेला बरा. स्वभावाचा परिणाम मिंट या वस्तूने बदलता येतो, त्यासाठी नवा पोकेमॉन पकडण्याची गरज नाही. आयव्ही कमी असतील तर लेव्हल ५० नंतर खेळातल्या मॉन्टेनेव्हेरा गावी बॉटल कॅप ही वस्तू देऊन हायपर ट्रेनिंग, म्हणजे आयव्ही पूर्ण धरले जातील अशी तयारी, करता येते, आणि एका गुणात शून्यापासून ३१ पर्यंतचा फरक लेव्हल ५० ला पंधरा-सोळा अंकांचा असल्यामुळे स्पीडपुरती तरी ती कॅप खर्च करावी.

संघरचनेची अडचण

हे सगळे करूनही भाचा एका सामन्यात सहजी हरला, आणि त्याचे कारण ईव्हींत शोधून सापडले नसते. त्याच्या सहांत गारचॉम्प, ड्रॅगोनाइट आणि स्वतःचाही एक सॅलेमन्स होता. तिघेही बर्फाच्या वाराने चौपट घायाळ होतात, आणि परी प्रकारचा वारही तिघांना दुप्पट लागतो. समोरच्याकडे बर्फाचा एक चांगला वार करणारा असला की अर्धा संघ एकाच शत्रूसमोर उघडा पडतो. मी त्याला सॅलेमन्स काढून टिंकाटन घेण्याचा सल्ला दिला. परी आणि पोलाद या जोडप्रकारामुळे टिंकाटनला बर्फ आणि परी हे दोन्ही वार निम्मेच लागतात आणि ड्रॅगनचा वार अजिबात लागत नाही, म्हणजे पुतणीचा ड्रॅको मीटिअरही तेथे वाया जातो. ड्रॅगोनाइट त्याला फार प्रिय आहे, म्हणून तो ठेवला आणि त्याचा टेरा प्रकार पोलाद करून घेतला, जेणेकरून टेरास्टलायझ केल्यावर, म्हणजे लढाईत त्या टेरा प्रकाराचे रूप घेतल्यावर, बर्फाची चौपट मार निम्म्यावर येते. अर्थात सामन्यात टेरास्टलायझ एकदाच करता येते, तेव्हा गारचॉम्पला तो आधार मिळणार नाही हे धरूनच खेळावे लागते.

जुन्या गेम बॉय ॲडव्हान्स या यंत्रावर पोकेमॉन एमराल्ड हा जुना खेळ खेळणारेही आमच्याकडे एक-दोघे आहेत. त्यांनी वरचा हिशेब तसाच वापरावा, पण चार फरक लक्षात ठेवावेत. तेथे ईव्हींचा आलेख दिसत नाही, औषधे एका गुणात शंभर ईव्हींपर्यंतच चालतात, लेव्हल १०० झाल्यावर लढायांतून ईव्ही मिळणे बंद होते, आणि वार शारीरिक की स्पेशल हे त्याच्या प्रकारावरून ठरते. म्हणजे एमराल्डमध्ये दुरुस्ती लेव्हल १०० च्या आधीच करावी लागते, आणि ज्यांचा पोकेमॉन तेथे आधीच शंभरला पोहोचला आहे त्यांनी त्याला तसेच ठेवून त्याच जातीचा नवा पोकेमॉन पहिल्या लढाईपासून वहीत नोंदत तयार करावा.